उताराचं माप

४ मार्च

जुना कठडा काढला. काढला कसला — दोन हिसक्यांत हातात आला! आतून नुसता भुसा. ओट्याला आणि पुढच्या तीन पायऱ्यांना आता काहीच आधार नाही. सोळा तारखेला ताई येणार, खुब्याचं ऑपरेशन करून. आणि यापुढे दोघं इथेच राहणार; त्यांचा चौथा मजला तिला आता चढवणार नाही. भावोजी म्हणाले, सुतार बोलावू. मी म्हटलं, छे, ताईचा कठडा मीच करणार. निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवतायत.

५ मार्च

लाकूड नको, पुन्हा कुजेल. पांढऱ्या पीव्हीसीच्या फळ्या आणि गोंदाचा डबा आणला. लाकडासारख्याच कापता येतात. चार फळ्या चिकटवून लांब पेटी करायची, तिच्या पोटात लोखंडी पाइप. दुकानदार म्हणाला, "ही फळी म्हणजे नवरदेव, साहेब. दिसायला झकास, पण ओझं उचलायला सांगू नका." पाइप या खांबापासून त्या खांबापर्यंत हवा, दोन्हीकडे बोल्टनं आवळायचा — हे त्यानं तीनदा सांगितलं. पायऱ्यांचं माप उतारावरून घ्या, हेही सांगितलं. मी म्हटलं, अहो, बत्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेत.

९ मार्च

नकाशात जिना सपाट असतो. वरून बघितल्यासारखा. मी पायऱ्यांचं माप तसंच घेतलं — आडवं, जमिनीवरून.

फळ्या जागेवर धरून कापल्या, त्या पुरल्या; पाइप मात्र त्या मापानं दुकानातून कापून आणलेला, सहा इंच कमी. खालच्या खांबापर्यंत पोचतच नाही. कळलं तेव्हा तीन फळ्या जोडून चौथीला गोंद लावून झाला होता, आणि तो दहा मिनिटांत धरतो. नवा पाइप आणायचा म्हणजे दुकानदाराला कारण सांगायचं. एवढ्यात बायको चहा घेऊन दारात. किती सुबक झालंय, म्हणाली.

चौथी फळी बसवली. पेटी बंद केली.

११ मार्च

कठडा घासून गुळगुळीत केला. सांधा कुठे ते मलाही सापडत नाही. भावोजींनी येऊन वरचा भाग गदागदा हलवला. हलेना. म्हणाले, सुताराच्या तोंडात मारलीत!

मी हसलो.

१६ मार्च

ताई आली. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी, असं तिला शिकवून पाठवलंय. खालच्या टोकाशी मी तिचा दंड धरून उभा.

"अरे, सोड की. एवढा कठडा केलास तो काय शोभेला?"

सगळे हसले. मी दंड सोडला नाही.

१९ मार्च

ताई दिवसातून दोनदा उतरते, दोनदा चढते. दर वेळी मी बरोबर. बायको शेजारणीला सांगत होती, बहिणीवर जीव आहे हो यांचा. आत निघून गेलो. पेटी उघडायची तर अख्खा कठडा फोडावा लागेल. उद्या फोडतो. नाही, रविवारी.

२३ मार्च

मी बँकेत गेलो होतो. ताई एकटीच उतरली. शेवटच्या पायरीवर भार टाकला आणि कठड्याचं खालचं टोक खांबापासून उचकटून आलं. खुबा वाचला. उजवं मनगट मोडलं.

भावोजींनी विचारलं, असं झालंच कसं? मी म्हटलं, गोंद खराब निघाला असणार. अडखळलो नाही, चाचरलो नाही. वाक्य तयारच होतं जसं काही.

२४ मार्च

भावोजी सकाळीच दुकानात जाऊन आले. गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराची पार सालटी काढली म्हणे. मी पेपर वाचत होतो. एकच बातमी, चारदा.

संध्याकाळी दुकानदार स्वतः आला. उचकटलेलं टोक वर धरलं, आत बोट घातलं. अख्खं बोट गेलं, लोखंडाला लागलं नाही. माझ्याकडे बघितलं. भावोजी शेजारीच उभे. त्यानं बोट पुसलं. म्हणाला, गोंदाचा डबा जुना गेला असेल, चूक माझी, सामान उद्या देतो. ताईची चौकशी केली आणि पाणीसुद्धा न घेता गेला.



२५ मार्च

दुकानात गेलो. तो खिळे निवडत होता. का — एवढंच विचारू शकलो.

"तुमच्या बहिणीला तुमच्या घरात राहायचंय, साहेब. माझं काय, मी शिव्या खायलाच दुकान उघडलंय."

सामान बांधून ठेवलं होतं. पाइप त्यानंच कापलेला. घरी येऊन लावून बघितला — उतारावर अचूक! काल त्याच्या हातात टेपही नव्हती.

२९ मार्च

नवा पाइप दोन्ही खांबांना आवळला. पेटी बंद करायच्या आधी ताईला आणि भावोजींना ओट्यावर बोलावलं. सगळं सांगितलं. सहा इंच, गोंद, दुकानदाराचं बोट — सगळं. वाटलं होतं, मोकळं वाटेल. नाही वाटलं.

भावोजींनी चपला अडकवल्या आणि तडक दुकानाकडे गेले. ताई बराच वेळ त्या पाइपकडे बघत बसली.

"रोज माझा दंड धरायचास, तो यासाठी?"

हो, म्हटलं.

"मला वाटायचं माया."

मग म्हणाली, ऊन लागतंय, आत ने.

३० मार्च

पेटी बंद केली. कोणी बघायला आलं नाही.

८ मे

ताईचं प्लास्टर निघालं. आज पायऱ्या उतरते म्हणाली. मी हात पुढे केला. ती उंबऱ्यातच थांबली.

"आधी दुकानदारांना बोलाव. त्यांनी कठडा बघितला की उतरते."

रागानं नाही. पाणी आण म्हणावं तसं.

मी बोलवायला निघालो.