गळ्याची टकटक

५ फेब्रु.
मराठीत लिहिते. घरात बोलतात सगळे, पण शाळा तमिळमध्ये झालेली, देवनागरी कुणाला वाचता येत नाही, तेवढंच खाजगी. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेऊन परवा घरी आले. एकवीस दिवस माडीवर. तीन वर्षांच्या मीनूला जवळ घ्यायचं नाही, माझ्या गळ्यातून किरणं निघतात. सासूबाई ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरतात. 'बाहेर बसण्या'ची जुनी शिस्त, कुठं चुकत नाहीत.

७ फेब्रु.
नुसतं बसवत नाही. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते ते कशाला मग? ह्यांच्याकरवी लॅबमधली टाकून दिलेली, किरणं मोजायची गायगर ट्यूब मागवली. डास मारायची बॅट फोडली, ट्यूबला हवा तो विजेचा दाब तिच्यातच मिळतो. झटका बसला. डासांचं दुःख कळलं.

१० फेब्रु.
कॉफीच्या डब्यात सगळं बसलं, जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकरही. फरशीवर मिनिटाला तीसेक टकटक, तेवढी किरणं कुठंही असतातच. गळ्याशी धरला तर तापल्या तेलात मोहरी. मोजताच येईना. इतके दिवस वाटत होतं, डॉक्टर उगाच घाबरवतात. रडले.

१५ फेब्रु.
हातभर अंतरावरून मोजते आता. नऊशे.
मीनूच्या केसांच्या तेलाचा वास आठवत बसले. नीट आठवेना. ती जिन्याखाली कुणाशी तरी तमिळमध्ये भांडत होती, तेच ऐकलं.

१८ फेब्रु.
सहाशे. आनंदानं खाली ओरडून विचारलं, शेवटच्या पायरीवर बसू का, लांबूनच. सासूबाई म्हणाल्या, "मिशीन तूच केलंस गे, तुझंच ऐकेल ते. डॉक्टर सांगतील तंवर वरतीच ऱ्हा."
राग आला. बोलल्या बरोबरच.

२४ फेब्रु.
डॉक्टरांनी त्यांच्या यंत्रानं तपासलं. झालं म्हणाले, घ्या लेकीला. सासूबाईंनी मीनूला न्हाऊ घालून नवी पावाडै घातली. मी कपडे बदलायला वर आले आणि सवयीनं डबा लावला. दोनशे ऐंशी.
एवढं उरतंच, त्यानं काही होत नाही, डॉक्टरांना ठाऊक आहे. मलाही. लवकर भेटता यावं म्हणून केला होता हा डबा. फरशी तीस, मी दोनशे ऐंशी.
मीनू आपली आपण जिना चढून आली, दाराबाहेर उभी राहिली. "अम्मा, येऊ?"
एक मिनिट थांब म्हटलं. पुन्हा मोजते आहे.