वाळूवरचा पाठमोरा

३ नोव्हेंबर, ताघीत
पोचले एकदाची. बशारहून येताना बस वाटेत दोनदा रुसली, पण गाव दिसलं आणि शीण उतरला. घरांच्या पाठीला लागूनच वाळूचा डोंगर, आणि वर असं आकाश की मान खाली घ्यावीशी वाटेना. हाज बलखीर आणि हाज्जा मेसऊदा या म्हाताऱ्या जोडप्याकडे गच्चीवरची खोली मिळाली. पहिल्याच चहाला हाज्जांनी विचारलं, तुमच्या तिलिमसानात काळोख मिळत नाही वाटतं, म्हणून इथं येऊन त्याचे फोटो काढायचे? हाज हसता हसता खोकायला लागले. मी समजावलं: कॅमेऱ्याचा डोळा अर्धा तास उघडा ठेवायचा, म्हणजे ताऱ्यांच्या गोल रेघा उमटतात. मधून कुणी चालत गेलं तर मागमूस राहत नाही. अगदी स्थिर असेल तेवढंच उमटतं.

५ नोव्हेंबर
रेघा सुरेख आल्या. पण टेकडीच्या धारेवर एक माणूस आहे. पाठमोरा, डावा खांदा झुकलेला, कडा लख्ख. म्हणजे अर्धा तास तो जराही हलला नाही. मी तिथंच होते. धारेवर कुणी नव्हतं. हाज म्हणाले, झुडूप असेल. सकाळी चढून पाहिलं. झुडूप नाही, पाऊलही नाही.

६ नोव्हेंबर
हाज्जांनी फोटो पाहिला आणि चहाचा पेला खाली ठेवला. हा खांदा आमच्या तय्यबचा, म्हणाल्या. त्यांचा हा मुलगा वसंतातल्या वादळात चुकलेली सांडणी शोधायला गेला, तो परतलाच नाही. देह सापडला नाही, म्हणून हाज्जांनी जनाज्याची नमाज होऊ दिली नाही. जेवणाला अजून त्याची जागा मोकळी ठेवतात.
हाजनी मला जिन्यात गाठलं. "वहीबा, पोरी, पुसून टाक तो फोटो. हिला मी एकदा त्या वाळूतून कसंबसं परत आणलंय."
मी पुसला नाही. हाज्जांनी पुन्हा काढायला सांगितलंय.

८ नोव्हेंबर
आजच्या फोटोत तो पलीकडच्या टेकडीवर गेलाय. अजून पाठमोराच. हाज्जा शेजारी बसून रडत होत्या. निघालाय तो, एकदा वळूनसुद्धा बघू नये? हाक मारायला त्यांचा आवाज फुटेना. म्हणून मीच मारली, त्याच्या नावानं.

९ नोव्हेंबर
आज वळलाय. खूप जवळ. खांदा तोच, पण तोंड — वाळूत कुणी बोटं खुपसून डोळे करावेत तसं.
हाज्जा कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हा माझा नाही," म्हणाल्या. मग हळूच, "पण कुणाचा तरी असेलच ना गं."

१०
हाज्जा नाहीत. त्यांची घोंगडी नाही, पाण्याची मशक नाही. पावलं धारेपर्यंत जातात, आणि पुढं — वाळू गुळगुळीत. गाव दिवसभर शोधत होतं.
कॅमेरा लावला नाही.

११
बाहेर हाज्जांचा आवाज. हाजना बोलावतायत, जेवायला बोलवावं तसं. मी म्हटलं, ओ देऊ नका, त्या नव्हेत. हाज चपला शोधत होते.
"ठाऊक आहे," म्हणाले. "पण जन्मभर या हाकेला ओ दिलीय मी."
हात धरला त्यांचा. त्यांनी हळूच सोडवला —
गेले. दार उघडंच —
आता दोघांचा आवाज. वहीबा नाही म्हणत. आई म्हणायची ते लाडाचं नाव. आई जाऊन इतकी वर्षं — इथं मी ते कुणालाच —