सहा स्क्रूंचा ब्रिज

९ मार्च, मंगळवार

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तुझ्या तीन ओळींच्या निरोपात तब्येतीचा उल्लेख नव्हता. बाबांची गिटार हवी, आहे तशी पाठव, बाकी काही नको. बाकी काही मी देऊ केलंच नव्हतं. ते असो.

आहे तशी पाठवता येत नव्हती. तिचा ब्रिज, तारा अडकवायची ती खालची धातूची पट्टी, मोडला होता. महिना त्यात गेला, तेव्हा आई मुद्दाम अडवून बसली असा समज करून घेऊ नकोस.

बत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मापं घ्यायला शिकवलं, म्हणून स्वतःच कॅलिपर घेऊन बसले. पहिल्या स्क्रूपासून सहाव्यापर्यंत छप्पन मिलिमीटर. त्या मापाचा एक मागवला, तर आला साडेबावन्नचा. विक्रेता फोनवर म्हणतो, तीन-चार मिलिमीटरने काय बिघडतंय मॅडम. मी विचारलं, तुमची कवळी तेवढ्याने चुकली तर तुम्ही जेवाल का? निमूट परत घेतला.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली त्याची खोली आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. कपाळावर भिंग बांधलेला पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी. त्याने तीन ब्रिज माझ्यापुढे मांडले. पहिला लाकडाला पक्का बसणारा, सूर वाकवायची दांडी नाही, स्प्रिंगा नाहीत. हलतच नाही, त्यामुळे सूरही हलत नाही. दुसरा दोन खांबांवर डुलणारा, चांगला, पण त्यासाठी नवी भोकं पाडावी लागणार. तिसरा जुन्यासारखाच, सहा स्क्रूंचा, दांडीचा, फक्त ओतीव धातूऐवजी पोलादी.

यातला भरवशाचा कोणता, मी विचारलं. वाजवणार कोण, त्याने विचारलं. मी म्हटलं, मुलगा. स्टेजवर वाजवतो, लोक तिकीट काढून ऐकायला येतात म्हणे.

तिसरा घेतला. पहिला माझ्या मनात जास्त भरला होता, खोटं कशाला बोलू. ती दांडी दाबून बाबा सूर रडवायचे आणि मी चाळीस वर्षं दार लावून घ्यायचे. ती कटकट एकदाची मिटली असती. आता कुणासाठी मिटवायची, हे ध्यानात यायला मला तिथे उभं राहून मिनिटभर लागलं.

जुने स्क्रू काढता काढता त्याने विचारलं, मोडली कशी. टेबलावरून पडली, मी म्हटलं. त्याने गिटार उजेडाकडे धरली. पट्टी दोन भोकांपाशी तुटलेली, दांडी चपटी वाकलेली.

"काकू, टेबलावरून पडली तर कडेला मार बसतो. ही कुणाच्यातरी अंगाखाली आलीय."

मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. त्याने केलं.

बाबा दुपारी झोपेतच गेले असं मी तुला सांगितलं होतं. तुझ्या मावशीलाही, शेजारणीलाही. इतक्या जणांना सांगितलं की मलाही तसंच आठवायला लागलं. नवा ब्रिज जुन्याच भोकांत बसावा, तुला काही दिसू नये, यासाठीच माझी ती सगळी मोजामोज चालली होती.

झालं ते असं. दुपारचे साडेतीन. ते तीच ती चार सुरांची ओळ घोटत होते. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "बास करा आता, डोकं उठलं माझं." काहीतरी दणकन आपटलं आणि आवाज थांबला. मला वाटलं, रागाने आपटली. मग मीही हट्टाला पेटले. गेले नाही. कपबशा विसळल्या, डबे पुसले, पेपर वाचला. चाळीस मिनिटं. सांगितल्याबरोबर थांबले, तेही जन्मात पहिल्यांदा, याचं मला बरंसुद्धा वाटलं.

चहा घेऊन गेले तर ते पालथे पडलेले. गिटार खाली.

डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी काही सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही. एरवी मी कुणाला सोडत नाही, तुला माहीत आहे. रडू अजून आलेलं नाही. जेवते, झोपते, कपडे वाळत घालते. लोक म्हणतात, किती धीराची बाई. त्यांना म्हणू दे.

हे पत्र आज टाकते आहे आणि गिटार पुढच्या सोमवारी निघेल. खोकं उघडण्याआधी तू हे वाचलेलं असावंस. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून माझाच दिला आहे. नको झाली तर परत पाठव, मी सही करून घेईन. कारण लिहू नकोस, मला समजेल.

ठेवून घेतलीस तरी कळवायची सक्ती नाही. रविवारी तू फोन करायचास तेव्हा बाबा उचलायचे आणि मी उठून गॅलरीत जायचे. आता वाजला तर मलाच उचलायचा आहे.

तुला खोटं सांगितलेली,
आई