नाव नसलेला सवाल

प्रिय विनेश,

अक्षराला हसू नकोस. आगरदांड्याला जेट्टीवर बसून लिहितोय, वारा कागद हिसकावतोय आणि मांडीवरच्या पिशवीशिवाय खाली धरायला काही नाही. तुझा फोन बंद आहे. चालू असता तरी उपयोग नव्हता म्हणा. शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबात तू तुरेवाला, मी शक्तीवाला, आपण समोरासमोर आलो की आपल्याला टोमण्याशिवाय दुसरी भाषा सुचत नाही. तू मला म्हातारा म्हणणार, मी तुला दुधखुळा म्हणणार आणि बोलायचं ते राहून जाणार. म्हणून हा कागद. मला भीती वाटते आहे, विनेश. साठी उलटलेला शक्तीवाला हे आपल्या तोंडाने तुरेवाल्याला सांगतोय, म्हणजे किती वाटत असेल ते तूच समज.

आपला पहिला सामना आठवतो का? तेव्हा तू न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात नोकरीला होतास. कामावरून थेट आलास, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. मी गणातच चिमटा काढला, की तुऱ्याकडचे शाहीर संपले म्हणून यंदा वॉचमन पाठवलाय. लोक खदखदून हसले. तू शांतपणे झांज उचललीस आणि जवाब दिलास, की वॉचमनला चोर ओळखता येतो, बुवांनी ही चाल कुठून उचलली तेही मला ठाऊक आहे. चाल उचललेलीच होती. दुसऱ्या दिवशी आमच्या बांधावर शेंगा-अंड्यांचं मडकं जाळात ठेवून पोपटी लावली होती, तुला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. वालाच्या शेंगा सोलत तू विचारलंस, "बुवा, राग आला का?" मी म्हटलं, राग आला असता तर मडक्यातलं अंडं तुझ्या वाट्याला आलं असतं का. त्या दिवशी घरी गेलो तो समाधानाने. आपल्यामागे कुणी तरी गाणारं आहे, असं वाटलं.

मग तू नोकरी सोडलीस. मला ते आवडलं नव्हतं, पण बोललो नाही, कारण तू विचारलंच नव्हतंस. आमच्या वेळेला एक गण, एक गौळण बांधली की हंगाम निघायचा. म्हसळ्याला गायलेलं मुरुडला नवंच असायचं. आता तू गाताना समोर शंभर मोबाइल वर असतात. सकाळी ते गाणं गावोगाव पोचलेलं असतं आणि पुढच्या सामन्याला लोक तुझ्या आधी ओळ म्हणून मोकळे होतात, वर ओरडतात, हे झालं, नवीन काढ. गाणं म्हणजे काय पाव आहे, रोज पहाटे भट्टीतून काढायला? पण तू काढत राहिलास. एकदा घसा बसलेला, पोटात दारू, गौळण म्हणताना तुझा आवाज फुटला आणि तू स्टेजवर रडलास. नेमकं तेच गाणं सगळ्यात जास्त पाहिलं गेलं. तेव्हापासून तुझ्या डोक्यात बसलं, की आपण मोडलो की गाणं चांगलं होतं.

पुढचं मी लांबून बघत होतो. सामन्याच्या दिवशी तू जेवायचं बंद केलंस. अंधारात शब्द सुचतात म्हणून किनाऱ्याच्या रस्त्याने दिवा न लावता मोटरसायकल हाणू लागलास. पहिल्यापासून तुझ्या मागे ढोलकीला बसलेल्या हर्षदला चार लोकांत हाकललंस. तो माझ्याकडे आला, मला वाटलं रडगाणं गाणार. म्हणाला, "बुवा, मला काढलान त्याचं काय न्हाय. पण तो सोतालाच काढतोय." चुलीतलं लाकूड संपलं की गारठलेला माणूस दाराची चौकटसुद्धा जाळतो. जाळ मोठा होतो आणि बघणारे वा म्हणतात. मी खूप विचार केला, की शाहिरालाच हे का होतं. शेतात भात आडवं झालं तर आपण पावसाला शिव्या घालतो. गाणं पडलं की म्हणतो, मीच वाईट. गाणं आणि आपण यांच्यामध्ये बांधच राहत नाही. हे मला माझ्यावरून माहीत आहे, पण माझ्या काळी लोक एवढे वखवखलेले नव्हते, म्हणून मी निभावलो.

आता परवाच्या सामन्याचं. तू सवाल टाकलास, नऊ दारांचं घर कुणी बांधलं, धनी निघाला घर सोडून, त्याला माघारी कोण बोलवील. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नऊ दारांचं घर म्हणजे हा देह, हे शेंबडं पोरही सांगेल. पण लोक चालीवर डोलतात, मला मात्र शब्द न् शब्द ऐकावा लागतो, कारण जवाब मला द्यायचा असतो. तुझी गाणी तुझ्या घरच्यांपेक्षा मी जास्त लक्ष देऊन ऐकली आहेत. शेवटच्या ओळीत शाहिराने गुरूचं नाव घ्यायचं, मग स्वतःचं. तू कधी चुकला नाहीस, दारू पिऊनही नाही. परवा गुरूचं नाव आलं आणि गाणं संपलं. तुझं नाव आलं नाही. मी वाट बघत राहिलो. तू झांज खाली ठेवलीस आणि माझ्याकडे बघून हसलास, तेव्हा मला कळलं, घर सोडून निघालेला धनी कोण ते.

जवाब मला येत होता. पोथीतला जवाब असा आहे, की निघालेला धनी कुणाच्या बोलावण्याने फिरत नाही. तोंडापर्यंत आला होता तो. पण हे मी तुला ढोलकीच्या ठेक्यावर, हजार माणसांत, वर हात करून ऐकवायचं? ढोलकी फिरून फिरून समेवर येत राहिली आणि मी उभा. म्हातारा गार पडला, असं लोक म्हणाले, मोबाइलवर अजून म्हणतायत. म्हणू देत. त्यांना वाटलं मला उत्तर सुचलं नाही.

आज सकाळी तुझ्या बायकोचा, सुचिताचा फोन आला. तिने सांगितलं, की तू दारू सोडलीस, चिडत नाहीस, अगदी शांत आहेस. दुसरं कुणी असतं तर देव पावला म्हणालं असतं. पुढे ती म्हणाली, "काका, फेटा चुलतभावाला देऊन टाकल्यानी. पोरीला सारखी जवळ घेतात नि बोलत काय न्हायत. मला भ्या वाटतंय." शाहीर आपला फेटा जिवंतपणी देत नाही, विनेश. मी तिला म्हटलं, मी सांगेपर्यंत त्याच्यापासून हलू नकोस, शेजारच्यांनाही बोलावून बसव. मग आमच्या रुचिकाला विचारलं. ती नर्स आहे, मी उगाच घाबरतोय असं ती म्हणेल अशी आशा होती. ती म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता निघा."

म्हणून तुझ्याकडे निघालोय. मला न्यायला येणारी फेरीबोट पलीकडे दिघीहून सुटलेली दिसतेय, पण आज ती जागची हलतच नाही असं वाटतंय. सुचिता हा कागद तुझ्या हातात देईल तेव्हा मी तुझ्या ओटीवर बसलेला असेन. आधी सरळ विचारतो, कारण असं सरळच विचारायचं असतं असं रुचिका म्हणते. जीव द्यायचं तुझ्या मनात आहे का? असेल तर मला तसं सांग, मी ओरडणार नाही, लाजही काढणार नाही. शनिवारचा आपला पुढचा सामना होणार नाही. मी मंडळाला हार कळवलीय आणि रीतीप्रमाणे हरलेल्याने जिंकलेल्याला द्यायचा नारळ तुझ्यासाठी पिशवीत आणलाय, तेव्हा आता नवं गाणं कुणालाच द्यायचं नाहीये. उद्या सकाळी आपण अलिबागला मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ, रुचिकाने नंबर लावलाय. पोथीतला जवाब मला मान्य नाही. निघालेल्या धन्याला माघारी बोलवायला माणूस येतो, आणि तो बोटीचं तिकीट काढून येतो. वाचून झालं की बाहेर ये. काही बोलू नकोस, नुसता शेजारी येऊन बस. आला नाहीस तर मी आत येईन, आणि आज काही झालं तरी मी परतीच्या बोटीत चढणार नाही.

तुझाच,
बाळाजी