कोऱ्या तारखेचा करार

मिरज, ता. २० जुलै १९५८

चि. उमाकांत यास भगवंतरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या त्या ऑडिटर गुंडोरावांचा करारनामा पोचला. हेमलता अजून अठराची नाही, म्हणून बाप या नात्याने माझी सही हवी. पण त्यांच्या कचेरीत आजवर एकही मुलगी उमेदवारीला नव्हती, मग हिलाच का घेतली? पदवीची वाट न पाहता इंटर होताच घेण्याची घाई कसली? आणि तारखेची जागा कोरी! कोऱ्या जागेत लोक काय काय भरतात ते मी मामलेदार कचेरीत तीस वर्षे पाहिले आहे.

ती एक तारखेपासून तिथे जाऊन बसतेही म्हणे. फुकट राबवून घेण्याचा डाव दिसतो. तू न सांगता जाऊन पाहा. मी तिला चार वर्षे दिली आहेत. बासष्टच्या जुलैनंतर एक दिवसही नाही, मग लग्न. तूर्त धोंड्याचा महिना लागला आहे, त्यात सही होणे नाही.

सौ. प्रेमास आशीर्वाद. उत्तराला नेहमीचा आळस नको.

भगवंत

मल्लेश्वरम, बंगळूर, ता. ३ ऑगस्ट १९५८

ती. दादांच्या चरणी उमाकांतचा शि. सा. न. वि. वि.

हुकमाप्रमाणे दोनदा अचानक गेलो. हेमा पावत्या वहीशी ताडून हिरव्या पेन्सिलीने खुणा करत होती. मुलगी एकटी नको म्हणून गुंडोरावांची बहीण अंबुबाई अक्का दाराशी भाजी निवडत बसते. मी कोण, कशाला आलो, अशी तिने माझीच उलटतपासणी घेतली. तुमची आठवण आली!

घाई गुंडोरावांना नाही, हेमाला आहे. तुमच्या बासष्टच्या जुलैमुळेच ती आतापासून लागली. तारीख सह्या होतील त्या दिवशी भरायची, म्हणून कोरी आहे. करार ऑडिटरांच्या संस्थेत नोंदल्याशिवाय उमेदवारीचा एकही दिवस धरत नाहीत, असे ते म्हणाले. दर शनिवारी ते कागद आला का विचारतात. दादा, लवकर पाठवा.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी पत्र लिहा.

उमाकांत

मिरज, ता. २ ऑक्टोबर १९५८

चि. उमाकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवारी शनिवारी कागद मागणारा माणूस मला सरळ वाटत नाही. कुठेतरी पाणी मुरते आहे. तू भोळा, तुला भाजी निवडणारी बाई दिसली की विश्वास बसतो.

चतुर्थीला सही करून कागद देवघरात गणपतीपाशी ठेवला आहे. पाठवायच्या आधी पुन्हा वाचावा म्हटले, तोवर पितृपक्ष लागला. या दिवसांत पोरीच्या भवितव्याचा कागद मी उंबऱ्याबाहेर काढणार नाही. दसऱ्यानंतर चांगला दिवस पाहून रजिस्टर टपालाने पाठवीन. तोवर डोळे उघडे ठेव.

भगवंत

मल्लेश्वरम, बंगळूर, ता. २ डिसेंबर १९५८

ती. बाबांच्या चरणी हेमलताचा सा. न. वि. वि.

करार सतरा नोव्हेंबरला नोंदला गेला. माझी चार वर्षे त्या दिवसापासून सुरू. जुलैपासूनचे साडेचार महिने धरले नाहीत. ते धरावेत म्हणून गुंडोरावांनी संस्थेला पत्र लिहिले. मीच त्याची नक्कल टाइप केली. आपल्या हयगयीमुळे कागद उशिरा गेला, असे त्यांनी स्वतःवर घेतले होते. तुमचे नावही घेतले नाही. उत्तर आले, नियमात बसत नाही.

बाबा, तुम्ही सगळ्या बंगळूरवर पहारा ठेवलात आणि माझे दिवस आपल्या देवघरात गेले. मला फार राग आला. दोन दिवस मी काकूने वाढलेले धड जेवलेही नाही. बासष्टच्या जुलैत मी उठले तर आजवरचे सगळे शिकणे वाया जाईल, कारण अर्धी उमेदवारी कुठेच चालत नाही. मला चार महिने अधिक द्याल का?

आईला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

हेमा

मिरज, ता. १० डिसेंबर १९५८

चि. हेमलता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र चार वेळा वाचले. चोर शोधत गावभर फिरलो आणि तो आपल्याच घरात निघाला. गुंडोरावांना वेगळे पत्र लिहून क्षमा मागितली आहे. अंबुबाईंनाही नमस्कार कळव. पोरी, माझी लाज वाटते मला.

सोबत कागद आहे. तुझी उमेदवारी व परीक्षा पुरी होईपर्यंत या घरात तुझ्या लग्नाचा विषय निघणार नाही, असे लिहून खाली सही केली आहे. तारखेची जागा कोरी ठेवली आहे. ती तू भर.

रागावशील तेव्हा रागाव, पण जेवत जा.

तुझे बाबा

ता. क. आज अमावास्या आहे, उद्या टाका, असे तुझी आई म्हणते. मी टोपी घालून पोस्टात निघालो आहे.