डब्याला कोपर नसतं

अक्षदा,

मी पाण्याच्या सोलरचा नवा सेन्सर आणायला आळेफाट्याला जातोय. दाराशी तुझी भरलेली बॅग पाहिली. दुपारच्या गाडीने सासरी जाऊ नकोस. मी येईपर्यंत तरी थांब.

बाळाचा पाय भाजला तो माझ्यामुळे, ठकूबाईंना बोलू नकोस. बाळाला न्हाऊ घालताना त्या म्हणाल्या होत्या, "अण्णा, पानी लई कढत लागतंय." मी सोलरच्या डब्यावरचा तापमानाचा आकडा बघून म्हणालो, "बेचाळीस आहे, घाला खुशाल." टाकीतला सेन्सर मीच गेल्या आठवड्यात बदलला होता, पण तपासला नव्हता. आज सकाळी तो काढून उकळत्या पाण्यात बुडवला, तर डब्यावर ऐंशीच आले. पाणी तापलं तरी डब्याला ते कोमटच वाटायचं आणि टाकीतली विजेची कॉईल चालूच राहायची.

तुझी आई पाण्यात कोपर बुडवून बघायची. मी हसलो की म्हणायची, "तुमच्या त्या डब्याला कोपर हाय का?"

ती नसली तरी बाळंतपण माहेरीच होईल, हा हट्ट माझा होता.

सोलरचं बटण बंद केलंय, लावू नकोस. मलम फडताळात आहे. बाळाच्या अंघोळीचं पाणी चुलीवर तापवून मोरीत झाकून ठेवलंय. मी कोपर बुडवून पाहिलंय, पण माझ्या भरवशावर राहू नकोस. तुझंही बुडव, मगच घाल.

बॅग मी उचललेली नाही. तू ठेवलीस तिथेच आहे.

अण्णा