सासऱ्यांची गाडी हलकी करताना

५ एप्रिल
आजपासून नियमित लिहायचं. मागच्या वर्षीही ठरवलं होतं, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

सासऱ्यांचं, म्हणजे मनोहररावांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी चालवणं बंद. त्यांची जुनी पांढरी एट हंड्रेड होळीपासून आमच्या पोर्चमध्ये उभी आहे. आज जेवताना ते म्हणाले, दोन जावयांपैकी जो नीट ठेवेल त्याला ती देऊन टाकू. दुसरा जावई म्हणजे पुष्कर, माझ्या मेहुणीचा, नूपुरचा नवरा. जेवायच्या आधी तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला होता. टायरही दाबून पाहिला. उगाच कोणी टायर दाबत नाही.

ही गाडी मला हवी आहे. लग्नात आम्ही हिच्यातूनच घरी आलो. मधुवंती पुढे बसली होती, मी मागे आहेराच्या भांड्यांसोबत. एकदा तरी पुढे बसायचंय, आणि तेही मालक म्हणून.

सासऱ्यांची गाडीबद्दलची परीक्षा एकाच प्रश्नाची असते. "किती देते?" म्हणजे मायलेज. ठरलं. मायलेज वाढवायचं.

८ एप्रिल
लंच टाइममध्ये व्हिडिओ बघितले. लंचनंतरही बघितले. रेसच्या गाड्यांच्या आतल्या पत्र्याला मोठी गोल भोकं पाडतात आणि प्रत्येक भोकाची कड आत वळवतात, ताटाच्या काठासारखी. भोकानं वजन जातं, वळवलेल्या काठानं मजबुती परत येते. इतकं सोपं असून सगळ्याच गाड्यांना का करत नाहीत? पेट्रोल विकणाऱ्यांचा दबाव असणार.

घरी सांगायचं नाही. मधुवंती सगळं नूपुरला सांगते आणि नूपुर पुष्करच्याच घरात राहते.

११ एप्रिल
आमच्या मागच्या गल्लीत जागेश्वर कूलरच्या बॉड्या बनवतो. त्यानं ड्रिल दिलं, गोल कापणारं पातं दिलं आणि कड वळवायची डाय, म्हणजे लोखंडी साचा, लेथवर करून आणली. चांगली वजनदार. म्हणाला, "कूलरच्या पत्र्याले आमी रोज छेदं पाडतो साहेब. काही होत नाही. बिनधास्त पाडा."

अनुभवी माणूस. पण जाताना विचारलं, "काहून पाडून राहिले?" त्याला काय करायचंय? किचनचं शेल्फ आहे म्हणून सांगितलं.

१२ एप्रिल
पहिलं भोक. डिक्कीच्या आतल्या पत्र्याला. डायचे दोन भाग दोन्ही बाजूंनी बसवले, बोल्ट आवळत गेलो आणि कड अशी अलगद वळली की बघत राहिलो. बोटानं दाबून पाहिलं. पत्रा हलेना. असा आनंद मला ऑफिसात कधीच झालेला नाही.

आवाज कसला, असं मधुवंतीनं विचारलं. कूलर दुरुस्त करतोय म्हणालो. ती म्हणाली, कूलर तर आत सुरू आहे. यापुढे सबबी आदल्या दिवशीच ठरवून ठेवायच्या.

१९ एप्रिल
डाय गायब. काल पोर्चच्या पायरीवर ठेवली होती. काल पुष्कर आंबे घेऊन आला होता. पिशवीतून आंबे आणले आणि पिशवी परत घेऊन गेला. आंबे दिल्यावर पिशवी कोण परत नेतं?

२२ एप्रिल
पुष्करला फोन. आडून विचारलं, इतक्यात तुमच्या घरी एखादी जड वस्तू आली का? त्यानं नूपुरलाही विचारलं. मग म्हणाला, परवा बाबा जेवायला आले होते, तेवढेच.

सासऱ्यांबद्दल असं बोलतो. हा गाडी काय नीट ठेवणार.

२६ एप्रिल
जागेश्वर नवी डाय करून द्यायला तयार आहे, पण सध्या कूलरचा सीझन आहे, जूनमध्ये या म्हणतो. त्यालाही पुष्करनं गाठलं असेल का?

शांतपणे विचार केला. काठ वळवणं रेसच्या गाड्यांना लागतं. सासऱ्यांनी आयुष्यात चाळीसच्या वर काटा नेलेला नाही. काम थांबवायचं नाही. नुसती भोकं पाडायची.

३ मे
दारांची आतली बाजू झाली. आज फ्लोअर. ड्रायव्हरच्या सीटखाली भरपूर जागा निघाली. नंतर कार्पेट टाकलं, काहीही दिसत नाही. जागेश्वर बघून गेला. म्हणाला, "आता हवा खेळती राहीन." शेल्फबद्दल त्यानं काही विचारलं नाही. समजूतदार आहे.

६ मे
मायलेज मोजलं. पूर्वीइतकंच. पंपावरच्या पोरानं पेट्रोल कमी टाकलं असणार.

स्पीड ब्रेकरवर सीटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. पत्रा मोकळा होत असावा.

१० मे
घरात काहीतरी शिजतंय. मधुवंती फोन घेऊन बाल्कनीत जाते, मी गेलो की "बरं, ठेवते" म्हणते. काल माझं आधार कार्ड मागितलं. कशाला, तर "असंच". आधार असंच कोणी मागत नाही.

आज पुष्कर हजर. सुमंतराव, एक दिवस किल्ली द्या, सर्व्हिसिंग करून आणतो म्हणाला. साफ नाही म्हणालो. त्यानं मधुवंतीकडे बघितलं. ती म्हणाली, "राहू दे, कळेल त्यांना." आता शंकेला जागाच नाही. गाडी त्याच्या नावावर होतेय आणि साक्षीदार म्हणून माझं आधार लागतंय.

१४ मे
गच्चीवर गेलो होतो, पुष्कर गल्लीत घुटमळतोय का ते बघायला. पापड वाळत होते. चादरीच्या कोपऱ्यावर माझी डाय. मधुवंती म्हणाली, "तुमचं आहे होय? छान जड आहे. वाऱ्यानं चादर उडत नाही."

म्हणजे पुष्करनं स्वतः चोरली नाही. तो एवढा साधा नाहीच.

आता काठ वळवायला वेळ नाही. अधिक महिना लागतोय. चोवीस तारखेला सासरी धोंड्याचं जेवण आहे, दोन्ही जावई. मधुवंती म्हणते गाडीनंच जायचं. का?

२४ मे
लिहायला हात धजत नाही.

जेवणं झाली. सासूबाईंनी, यमुताईंनी, अनारशांचं ताट पुढे केलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जाळीदार असंच काहीतरी द्यायचं असतं, म्हणून अनारसे. पुष्करच्या ताटात चांदीचं निरांजन होतं. माझ्या ताटात गाडीची दुसरी किल्ली, कुंकू लावलेली.

आधार त्यासाठी होतं. बाल्कनीतले फोन त्यासाठी होते. सर्व्हिसिंगच्या नावाखाली पुष्कर नवी सीट कव्हरं घालून आणणार होता. आणि गाडी सुमंतरावांनाच द्या, असं सासऱ्यांना त्यानंच सांगितलं होतं. म्हणाला होता, ते रोज तिच्याजवळ बसून काहीतरी करत असतात, इतकं प्रेम माझ्याच्यानं होणार नाही.

मला रडू आलं. खरंच आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

मग सासरे म्हणाले, द्यायच्या आधी एकदा स्टिअरिंगमागे बसतो. मी म्हणालो, ऊन आहे. मी म्हणालो, डोळ्यांना धूळ लागेल. मी दारासमोरच उभा राहिलो. पुष्करनं मला प्रेमानं बाजूला केलं.

सासरे बसले. आधी तो कण्हल्यासारखा आवाज झाला. मग सीट त्यांना घेऊन हळूहळू खाली गेली. खिडकीत नुसता चष्मा दिसत राहिला. त्यांना लागलं नाही. पुष्करनं आणि मी ओढून बाहेर काढलं. यमुताईंनी कार्पेट उचललं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

म्हणाल्या, "मधू, हे तं उलटंच झालं वं. जाळीदार वाण आपण यांना द्यायचं असते."

सासरे ओट्यावर बसून पाणी पीत होते. मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "मग, आता किती देते?"

पूर्वीइतकंच, म्हणालो.

३१ मे
कोणीही वेल्डिंगला हात लावायला तयार नाही. जागेश्वर म्हणाला, "साहेब, कूलरमंधी कोणी बसत नाही नं." हे तेव्हा सांगायला हवं होतं.

आज भंगारात. पुष्करनं टेम्पो आणला, सगळी बोलणी त्यानंच केली. गाडी धरमकाट्यावर चढवली. भंगारवाल्यानं वजनाची चिठ्ठी बघितली, गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, एट हंड्रेड इतकी हलकी नसते, आतला माल काढून घेतला का? मी नाही म्हणालो. त्याचा विश्वास बसेना. बॉनेट उघडलं, डिक्की उघडली, सीटखाली वाकून बघितलं. माझ्यावर संशय. मग किलोच्या हिशोबानं भाव कमी केला.

गाडी हलकी झाली, असं म्हणणारा तो पहिलाच माणूस. क्षणभर बरंही वाटलं.

येताना पुष्करच्या गाडीत पुढे बसलो. किती देते, हे विचारावंसं वाटत होतं. विचारलं नाही.